पेवातलं तेल

यंदा मार्गशीर्ष लागला तो एकदम कोरडी थंडी घेऊन. पहाटे अंगणात उभं राहिलं की नाकात गारवा टोचतो आणि मग एकेक वास सुटा सुटा कळायला लागतो. गोठ्यातल्या ओल्या जमिनीचा, चुलीत पेटू घातलेल्या तुराट्यांचा, खालच्या वाफ्यात काल पाणी दिलेल्या कांद्याच्या रोपांचा. उन्हाळ्यात हे सगळे वास धुळीत हरवून जातात आणि पावसाळ्यात चिखलाशिवाय दुसरं काही समजत नाही. या दोन-तीन महिन्यांत मात्र हवा इतकी निवळ असते की ओढ्यापलीकडे कुणाची भाकरी करपली तरी आमच्या ओसरीवर कळतं.

या दिवसांत मला एक सवय लागली आहे. शेतात शिरण्याआधी मी बांधावर उकिडवा बसतो, मूठभर माती उचलतो आणि हुंगतो. माझी बायको इंदू घोडेगावाकडची, तिकडच्या बायकांच्या जिभेला धार असते. तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणाली, "भूक लागली असंल तर भाकरी झालीया की."

मी हसलो. पण सवय गेली नाही आणि ती जावी असं मला वाटतही नाही. सहा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याने ती मला दिली. त्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या ठकूआत्याच्या विहिरीचं पाणी नासलं, आणि ते माझ्यामुळे नासलं. हे पिंपळवंडीत सगळ्यांना ठाऊक आहे, मीच सांगितलं आहे. पण मी तेव्हा चारचौघांत सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी दोनच माणसांपाशी बोललो. आता पन्नाशी जवळ आली, ते सगळ्यांसाठी लिहून ठेवावं असं वाटतं.

आमचं घर आणि शेत उंचवट्यावर आहे. तिथून जमीन उतरत उतरत ओढ्याकडे जाते, आणि ओढ्याच्या अलीकडे ठकूआत्याची वस्ती, भावकीची पाच घरं. ती माझ्या रक्ताची आत्या नव्हे. माझ्या वडिलांना, आबांना, ती भाऊ मानायची, दिवाळीला ओवाळायची, म्हणून आत्या. वस्तीच्या मधोमध तिची विहीर. तिच्या नवऱ्याने स्वतः पहारीने खणलेली. वर मुरूम, खाली मऊ मांजऱ्या खडक, त्याखाली काळा खडक, आणि त्या खडकातून आमच्या शेताच्या बाजूने येणारा एक झरा. विहीर बांधून झाली आणि वर्षाच्या आत नवरा गेला. तेव्हापासून ठकूआत्या विहिरीबद्दल बोलायची ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. "औंदा तिला जरा उशिरानं पानी सुटलं, पर गोडी तीच हाय," असं. पाचही घरं तिचंच पाणी पीत.

मी सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेला, पंचायतीत बसणारा, आणि आमच्या बाजूला तेलाचं इंजिन आणणाऱ्या पहिल्या तीन-चार जणांपैकी एक. मोट सुटली, बैलांची पाठ मोकळी झाली. इंजिनाचा ठोका कुकडी नदीच्या काठापर्यंत ऐकू जाई आणि तो ऐकताना मला स्वतःचाच अभिमान वाटे. क्रूड तेलाची दोन पिंपं मी एकदम आणून ठेवत असे. आबांना त्याची धास्ती. "कडब्याची गंज हाय शेजारी. एक ठिणगी पडली तर बघाया घर ऱ्हायचं न्हाई," असं ते रोज म्हणत. मग मी एक पिंप छपरात ठेवलं आणि दुसरं पेवात.

पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. आमच्याकडे प्रत्येक जुन्या घराला असायचं. वर तोंड लहान, आत पोट मोठं, आणि तोंडावर दगड, त्यावर माती, मातीवर म्हैस बांधलेली. पेव आहे हे सगळ्यांना माहीत, पण ते नक्की कुठे आहे हे घराबाहेर बोलायचं नाही अशी रीत. लेकीला सासरी पाठवतानाही ते सांगत नसत. पुढे दुसऱ्या लढाईच्या दिवसांत सरकारची सक्तीची धान्यलेव्ही आली, धान्य उघडं करावं लागलं, आणि आमचं पेव रिकामं झालं ते झालंच. त्या रिकाम्या पेवात तेल ठेवायचं मला सुचलं तेव्हा मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. आगीची भीती नाही, चोराची भीती नाही. पिंप आत जाईना म्हणून मी तोंडाची दगडी कड फोडून ते रुंद केलं. मोटेच्या नाड्याने पिंप खाली सोडताना शेवटच्या दोन हातांवर नाडा सुटला आणि ते तळाच्या दगडावर आदळलं. तो आवाज मी ऐकला. आबांनी विचारलं, "काय झालं रं?" मी म्हणालो, "काही नाही, बसलं खाली." वाकून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. वर दगड सरकवला, माती लोटली, म्हैस बांधली.

फोडलेल्या कडेतून त्या पावसाळ्यात पेवात पाणी उतरलं असणार. पिंप आधीच पोचलेलं, त्यात चार महिने पाण्यात उभं. कुठे शिवण उसवली देव जाणे.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला ठकूआत्याचा मुलगा सदू आमच्याकडे आला. माझ्याच वयाचा, एका ताटात जेवलेले आम्ही. "दशरथ, चल बरं जरा. हिरीच्या पाण्याला घासलेटाचा वास मारतोय."

मी गेलो. पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. वर पातळ तवंग होता, उन्हात मोराच्या पिसासारखा रंग दाखवणारा. भावकीतले चार जण कठड्याशी उभे होते आणि प्रत्येकाचा संशय वेगळा होता. कुणी म्हणालं, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रकवाल्याने ओढ्यात तेल सोडलं. कुणी म्हणालं, घरातल्याच कुण्या सुनेने रागाने घासलेटची बाटली ओतली. त्या सुनेच्या नवऱ्याने मग दुसऱ्याच्या सुनेचं नाव घेतलं. ठकूआत्या कठड्यावर हात ठेवून उभी होती. भावकीतला वडीलधारा शेवटी म्हणाला, "पूसापर्यंत वाट बघू. न्हाईतर बुजवू हिला आन दुसरी खणू. इखारी पाणी दारात नको."

"बुजवायची असंल तर मला आधी आत टाका," ठकूआत्या म्हणाली. आवाज न चढवता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रानात असताना मी म्हैस सोडली, माती बाजूला केली, दगड सरकवला. वास तोंडावर आला. लांब काठी आत सोडली; पिंप कलंडलेलं होतं आणि काठीने ठोकलं तर रिकामं वाजलं. मी किती वेळ तिथे बसलो ठाऊक नाही. बांधावरून ठकूआत्याच्या वस्तीची कौलं दिसत होती. मग मी दगड परत सरकवला, माती लोटली, आणि म्हैस होती तिथे बांधली. हे ते उरलेलं अर्धं. त्या दुपारपासून वीस दिवस मला सगळं ठाऊक होतं आणि मी बोललो नाही.

का बोललो नाही, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. इंजिनवाल्याचा आब जाईल ही भीती होती. आबांची भीती होती. वाहतं पाणी आपोआप निवळेल ही आशा होती, आणि ही आशाच सगळ्यात वाईट, कारण तिच्यामुळे रोज सकाळी गप्प राहायला नवं कारण मिळायचं. त्या वीस दिवसांत सदू खांद्यावर कावड घेऊन नदीवर जायचा. आमच्या बांधावरूनच वाट. जाताना रिकामे डबे वाजायचे, येताना त्याची पावलं जड पडायची. मी त्याला हाक मारायचो, "काय सदूभाऊ?" तो म्हणायचा, "काय न्हाई, नदी आणतोय घरी." आणि आम्ही दोघेही हसायचो.

मग कासम अत्तार आले. जुन्नरच्या पेठेत त्यांचं दुकान. दिवाळीनंतर ते सायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरत. कुंकू, शिकेकाई, नागरमोथा, लग्नाच्या घरात अत्तराच्या कुप्या. डिंगोऱ्यापासून आमच्यापर्यंत सगळ्या बायका त्यांना चाचा म्हणत. त्यांनी ठकूआत्याच्या दारात पेटी उघडली तेव्हा मीही भावकीबरोबर तिथे होतो; तिने रिवाजाप्रमाणे त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्या दिवशी नदीचं पाणी संपलं होतं आणि सदूच्या बायकोने नकळत विहिरीच्या घागरीतलं ओतलं होतं. चाचांनी तांब्या ओठांजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"आत्याबाई, हे घासलेट न्हाई," ते म्हणाले. "घासलेटचा वास वर वर पळतो. हा खाली बसतो. हे इंजिनचं तेल हाय, क्रूड."

झालं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली, पण संशयाने नव्हे. "तेलातलं कळतं ते दशरथभाऊलाच," भावकीतला वडीलधारा म्हणाला. "तुमीच शोध लावा राव, कुटनं येतंय ते." माझं इंजिन ओढ्याच्या पलीकडच्या आमच्या विहिरीवर होतं, तेही त्यांनी आधीच पाहून घेतलं होतं. खाली पत्र्याचं ताट, थेंब सांडलेला नाही. छपरातलं पिंपही कोरडं ठणठणीत. पेवाचं कुणी विचारलं नाही. पेवाचं कुणी विचारत नसतं.

शोध कसा लावायचा हे चाचांनी सांगितलं. पहारीने हातभर खोल भोक पाडायचं. त्यावर कोरं मडकं पालथं घालायचं, काठाला ओल्या मातीचा गिलावा. सकाळी ऊन पडायच्या आत मडकं तिरकं करायचं आणि हुंगायचं. "जमीन बी श्वास टाकती, भाऊ. मडकं तो धरून ठेवतं. आमच्या धंद्यात फुलांचं असंच करत्यात."

भोकं कुठे पाडायची ते मात्र मी ठरवायचं होतं. आणि मी ती ओढ्याच्या काठाने पाडली. रस्त्याच्या कडेने पाडली. वस्तीच्या उकिरड्याजवळ पाडली. विहिरीच्या तिन्ही बाजूंना मडक्यांच्या रांगा लागल्या, आणि चौथ्या बाजूला, आमच्या शेताकडे, एकही नाही. मी सगळ्यांदेखत पहार मारत होतो, घाम गाळत होतो, आणि खोटं बोलत होतो. तोंड न उघडताही किती खोटं बोलता येतं, हे मला तेव्हा समजलं.

तरीही त्या सकाळी आठवल्या की मन भरून येतं, आणि याचीही मला थोडी लाज वाटते. चाचा चार-पाच दिवस आमच्याकडे मुक्कामाला होते. त्यांच्या नाकासाठी घरात लसूण-कांदा बंद. इंदू चुलीपाशी हतबल होऊन बसली. "लसणाशिवाय वांगं करू तरी कसं, चाचा?"

"करा की. वांग्याला बी कळू द्या आपली चव काय हाय ती."

पहाटे धुकं ओढ्यात बसलेलं असायचं. मडक्यांवर दव. चाचा पायांतल्या वहाणा काढून, पालथ्या मडक्यांतून हळू चालत जायचे. एक मडकं तिरकं करायचे, डोळे मिटायचे, मग स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगायचे, आणि पुढच्याकडे. बाही कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "घरचा वास घेतल्याबिगर परक्याचा कळत न्हाई." त्यांच्यामागे वस्तीवरली माणसं अंतर ठेवून चालायची, कारण विडी ओढलेल्याने जवळ यायचं नाही अशी ताकीद होती, आणि विडी न ओढलेला पुरुष वस्तीवर नव्हता.

सदू लांबून ओरडायचा, "चाचा, आमच्या चुलत्याचं धोतर बी हुंगून बघा. तेल तिथनंच येत असंल."

"ते हितनंच कळतंय," चाचा म्हणायचे, आणि अख्खी वस्ती हसायची. ठकूआत्यासुद्धा पदर तोंडाला लावायची.

दोन सकाळी गेल्या. चाळीसेक मडकी पालथी घातली आणि सगळी निर्मळ. तिसऱ्या सकाळीही तेच. माणसं पांगली. भावकीतला वडीलधारा जाताना विहिरीकडे पाहून म्हणाला, "मग काय, बुजवायचीच." ठकूआत्याने कठड्यावर पडलेली दोन पिंपळपानं उचलली आणि लांब नेऊन टाकली.

मी आणि चाचा आमच्या ओसरीवर चहा घेत बसलो. त्यांनी बशी खाली ठेवली. "दशरथभाऊ, कुंभाराचं एक मडकं उरलंय. ते तुमी ठेवा."

"कुठे ठेवू?"

"ते मी सांगणार न्हाई."

"तुम्हाला काय वाटतं, चाचा?"

"मला वाटून काय उपेग. मला नुसता वास येतो." आणि ते पेटी उघडून कुप्या पुसत बसले, माझ्याकडे पाठ करून.

त्यांना ठाऊक होतं का? आल्या दिवशी त्यांनी रामराम करताना माझे दोन्ही हात हातात धरले होते, जरा जास्त वेळ. पण माझ्या हातांना तेलाचा वास असणारच, मी इंजिनवाला. पुढे एकदा हिरडा आणायला मी त्यांच्याबरोबर घाटघरला गेलो, तेव्हा वाटेत विचारायचं ठरवलं होतं. ते सबंध वाटभर हिरड्याबद्दल बोलत राहिले आणि मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी म्हैस सोडून दुसरीकडे बांधली. पहार घेतली. पेवाच्या तोंडापासून वावभर, चार हात खाली, वस्तीच्या बाजूला, भोक पाडलं, मडकं पालथं घातलं आणि काठाला माती लिंपली.

सकाळी चाचांनी मडकं जरासं उचललं आणि मान बाजूला केली. ठकूआत्याला पुढे बोलावलं. ती वाकली, हुंगलं, म्हशीच्या रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"आत्या," मी म्हणालो, "इथं आमचं पेव आहे. त्यात तेलाचं पिंप ठेवलं होतं. ते फुटलं. पाणी माझ्यामुळे नासलं."

मला वाटलं सदू अंगावर येईल. पण पहिला आवाज आला तो ओसरीवरून, आबांचा. "अरे करंट्या, पेवाचं तोंड चारचौघांत दावलंस?" तेलाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. पिढ्यान् पिढ्या राखलेली जागा मी बोटाने दाखवली, याचंच त्यांना दुःख. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग एका सकाळी आपणहून टोपली घेऊन पेवाशी आले.

कारण पुढचं काम सगळ्यांचं होतं. पिंप बाहेर काढलं. तेलाने काळा पडलेला मुरूम टोपल्याटोपल्यांनी उपसून माझ्या पडीक तुकड्यावर पसरला. तो उन्हाळाभर नांगराने उलथापालथ करत राहिलो तेव्हा कुठे त्याचा वास उडाला. पेव आणि विहीर यांच्या मधोमध खडक लागेपर्यंत आडवा चर खणला. चरात तेलकट पाणी पाझरून साचायचं, त्यात बायका कडब्याच्या पेंढ्या आणि फाटक्या गोधड्यांच्या चिंध्या सोडायच्या. चिंध्या तेल पिऊन जड झाल्या की बाहेर काढून जाळायच्या. माझंच इंजिन मी ठकूआत्याच्या विहिरीवर आणलं आणि तळ दिसेपर्यंत उपसा केला, एकदा, दोनदा, तीनदा. ते पाणी ओढ्यात सोडायचं नाही हे चाचांनी बजावलं होतं. मी ते माझ्या हरभऱ्यात सोडलं. घाटे धरलेला हरभरा पिवळा पडून बसला. सदू बांधावर उभा राहून बघत होता. "हरभरा गेला की रं तुजा," तो म्हणाला. त्या सबंध दिवसांत तो मला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलला. मधल्या काळात 'दशरथराव' झालो होतो.

चाचांनी जाण्याआधी मला पाणी पारखायला शिकवलं. पहाटे, चूळ भरून, काही न खाता. घोट तोंडात धरायचा, गिळायचा आणि मग नाकाने हळू श्वास बाहेर सोडायचा. वास येताना कळत नाही, जाताना कळतो. ठकूआत्या हे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला, दशाला म्हणावं सकाळी ये.

मग उरलेला मार्गशीर्ष, अख्खा पौष आणि माघ मी पहाटे तिच्या कठड्याशी जायचो. तिने पोहरा ओढून ठेवलेला असायचा. "प्ये," एवढंच म्हणायची. मी प्यायचो, श्वास सोडायचो, आणि मान हलवायचो. आहे. अजून आहे. मग ती पाणी झाडाला ओतायची आणि आम्ही थोडा वेळ बसायचो. शेकोटीत तिने कधी माझ्यासाठी हुरड्याची दोन कणसं भाजून ठेवलेली असायची. ती सुनेच्या तक्रारी सांगायची, मी कांद्यावरच्या करपा रोगाच्या. तिच्या आणि माझ्यामध्ये एक कटू गोष्ट होती, आणि त्या गोष्टीच्या शेजारी बसून आम्ही गरम हुरडा खायचो. सुख असंही येतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पाणी रोज थोडं बदलत होतं. माघ संपता संपता वास इतका पातळ झाला की सदूला कळेना, भावकीतल्या कुणालाच कळेना. वडीलधाऱ्याने दिलेली पूसाची, म्हणजे पौषाची मुदत तर केव्हाच उलटून गेली होती. एके सकाळी वडीलधारा चौघांना घेऊन कठड्याशी आला. "आज निकाल लावू. दशरथभाऊ म्हणाले निवळलं, तर सगळी पिऊ. न्हाईतर उद्या दगड-माती आणायची. आता दम न्हाई कुणात."

ठकूआत्याने पोहरा पुढे केला. या वेळी 'प्ये' म्हणाली नाही.

मी घोट घेतला. थंड, गोड पाणी. श्वास सोडला. आणि अगदी शेवटी, नाकाच्या टोकाशी, एक धागा. होता. 'निवळलं' म्हटलं असतं तर तिची विहीर वाचली असती, आणि कुणालाही कळलं नसतं. आठ-पंधरा दिवसांत तो धागाही गेलाच असता. हे सगळं माझ्या मनात आलं. पेव उघडलं त्या दुपारीही मी असंच काहीतरी मनाशी म्हणालो होतो.

"आहे," मी म्हणालो. "अगदी जरासा. पण आहे."

सदू तटकन म्हणाला, "आमा कुणाला येत न्हाई, तुलाच बरा येतो?"

"मला येतो. मी कसं नाही म्हणू?"

ठकूआत्या माझ्याकडे बघत राहिली. मग वडीलधाऱ्याकडे वळली. "त्यानं आज खोटंच 'वास न्हाई' म्हटलं असतं तर मीच बुजवून घेतली असती, भाऊजी. मग कुणाच्या सांगण्यावर प्यालो असतो? आता ह्यो 'आहे' म्हनतोय, म्हंजी ज्या दिशी 'न्हाई' म्हनंल त्या दिशी पिता येईल. अजून एक उपसा करा. शिमगा हूं द्या."

ती इतकं लांब कधी बोलत नसे. वडीलधारा डोकं खाजवत उभा राहिला, मग "बरं तर" म्हणून निघून गेला, आणि बाकीचे त्याच्यामागे.

आम्ही दोघंच राहिलो. तिने माझ्यावर ठेवलेला तो विश्वास मला पेलवेना. मी तिला सांगितलं. पेव उघडून पाहिलं ती दुपार, परत सरकवलेला दगड, जागेवर बांधलेली म्हैस, ओढ्याकाठी मुद्दाम पाडलेली भोकं. वीस दिवस, आत्या, मला ठाऊक होतं.

ती पोहऱ्याची दोरी गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली. गुंडाळून झाल्यावर म्हणाली, "वीस दिस सदूनं कावड व्हायली. खांद्याला घट्टं पडल्यात त्याच्या."

"हो."

"उद्यापास्नं कावड घिऊन ये."

एवढंच. घरात गेली. मी दुसऱ्या दिवशी पहाटे सदूची कावड खांद्यावर घेतली आणि नदीवर गेलो. सदूला तिने काय सांगितलं ठाऊक नाही, तो दारात दात घासत उभा राहून पाहत होता. पंचायतीतला माणूस पाणी वाहतोय म्हणून वाटेत लोक थांबून बघत. "नदी आणतोय घरी," मी सांगायचो. पहिल्या तीन दिवसांत खांदा सोलवटला. इंदूने हळद-तेल लावलं आणि कशासाठी ते विचारलं नाही, मग मीच तिला सांगितलं. ती खांदा चोळत म्हणाली, "उजवा दुखला की डाव्यावर घ्यावी." दहाव्या दिवशी घट्टे पडायला लागले. कावडीची एक लय असते, ती पावलाला सापडली की ओझं अर्धं होतं. करंजाला पालवी फुटली होती, नदीकाठची वाळू पहाटे गार असायची, आणि मला त्या वाटेवरचा प्रत्येक दगड ओळखीचा झाला. मी त्या दिवसांत सुखी होतो, असं लिहायला हात कचरतो. पण होतो.

मधे एक उपसा झाला. पाणी पारखायला मात्र आत्याने मला बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कावड दारात उतरवायची आणि परत फिरायचं.

वीस दिवस पुरे झाले. एकविसाव्या दिवशी जायचं की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गेलो. डबे भरले, बांध चढलो, वस्तीवर आलो. ठकूआत्या कठड्यावर बसली होती. शेजारी विहिरीच्या पाण्याने भरलेली घागर, आणि तिने तांब्या तोंडाला लावलेला होता. माझी वाट न बघता, मला न विचारता. तिने घोट गिळला, नाकाने हळू श्वास सोडला, मग सबंध तांब्या संपवला, पदराने तोंड पुसलं, आणि मी कावड घेऊन उभाच आहे हे पाहून म्हणाली, "ते नदीचं पानी वत ढोरांना."